डबी आणि लोड

माझ्या पाठीवर, मानेखाली चार बोटं सोडून, एक डबी चिकटवलेली असते. काड्यापेटीपेक्षा लहान. मी वाकून बसले की ती वाजते. पातळ, चिडका आवाज आहे तिचा, आणि मी सरळ होईपर्यंत ती थांबत नाही. वर्ध्याच्या बाजारात आमच्या कापडाच्या गल्लीत आता हे सगळ्यांना माहीत आहे. काही जण हसतात. हसू देत.

मोडेन पण वाकणार नाही, असं लोक फार ऐटीत म्हणतात. मी बावीस वर्षं वाकले आणि वाकून वाकूनच मोडले. ही म्हण माझ्यापुढे कुणी काढू नये.

दुकान सासऱ्यांचं, जुन्या पद्धतीचं. काउंटर नाही, खुर्ची नाही. उंबऱ्याच्या आत तीन पावलांवर पांढरी गादी सुरू होते ती थेट मागच्या भिंतीपर्यंत. गिऱ्हाईक चपला काढून गादीवर येऊन बसतं आणि मध्ये ब्लाउजपीस, अस्तर, पंचे, चादरी उलगडत जातात. भिंतीशी मालकाचा लोड. सासऱ्यांचे डोळे अधू व्हायला लागले तेव्हा त्यांच्या हाताखाली मोजमापाला कुणी नव्हतं. नवरा शाळेत मास्तर, दीर नागपूरला नोकरीत. मी म्हटलं, मी येते. सहा महिन्यांपुरतं म्हणून आले होते. पुढे सासूबाई गेल्या, दीर सासऱ्यांना नागपूरला घेऊन गेले, त्यालाही सहा वर्षं झाली. तेव्हापासून दुकान मी एकटी चालवते.

सासरे माझ्याशी कधी थेट बोलले नाहीत. आमच्याकडे तशी रीतच होती. सोळा वर्षं आम्ही एका गादीवर बसलो, पण त्यांना काही सांगायचं असलं की ते समोरच्या कपाटाला सांगायचे. "पंचे संपले असन तं पाहून घ्या म्हना." मी कपाटाच्या वतीने ऐकायचे.

गेल्या उन्हाळ्यात उजव्या पायात मुंग्या यायला लागल्या. मग कंबर धरली. मग एके दिवशी गादीवरून उठताच येईना. समोरच्या गिऱ्हाईक बाईने काखेत हात घालून मला उभं केलं आणि वर म्हणाली, "काऊन जीव काढून राह्यली बाई, घरी बस ना." तिचा हेतू चांगला होता, तरी मला तिचा संताप आला. ही बातमी नागपूरला पोचायला एक दिवससुद्धा लागला नाही. दिरांचा फोन आला.

"वहिनी, बहुत झालं आता. तुम्ही आराम करा. मोबाईलचे कव्हर विकनारा एक माणूस जागा भाड्यानं घ्याले तयार हाय. दिवाळीपर्यंत पाहू. पाठ सुधरली तं ठीक, नाई तं दिवाळीनंतर त्याले चाबी देऊन टाकू."

नागपूरला बसून उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. पण जागा सासऱ्यांच्या नावावर होती आणि सासरे दिरांच्या घरी होते. माझ्या हातात फक्त माझी पाठ होती, आणि तीसुद्धा माझं ऐकत नव्हती.

नवरा म्हणाला, "बघ बुवा, तुला झेपतं का." भला माणूस आहे, पण त्याला कळलं नव्हतं. घरी मला विचारतात, भाजी कोणती करतेस? दुकानात बाया विचारतात, हा रंग मला शोभेल का? मी नाही म्हटलं की त्या ते कापड बाजूला ठेवून देतात. माझ्या एका 'नाही'ला जिथे किंमत आहे अशी जागा माझ्या आयुष्यात तेवढीच आहे. ती मोबाईलच्या कव्हरांना देऊन मी बोरगाव मेघेतल्या घरी टीव्हीसमोर बसणार नव्हते.

म्हणून दवाखान्यात गेले. व्यायाम शिकवणारी जी मुलगी होती ती माझ्या मुलीच्या वयाची, पुण्याकडची, बोलायला स्वच्छ. तिने माझी पाठ बोटांनी चाचपली आणि विचारलं, "काकू, तुम्ही दिवसभर काय करता?"

"बसते."

"कशा बसता ते दाखवा बरं."

मी दाखवलं. तिने बाजूने, मागून नीट बघितलं. मग म्हणाली, "तुम्ही बसत नाही काकू, तुम्ही उठायच्या तयारीत असता." तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं.

तिने डबी दिली. सांगितलं की फक्त दुकानात लावायची. तुमच्या पाठीला सरळ म्हणजे काय तेच आठवत नाही, ही आठवण करून देईल. औषध नाही, फक्त आवाज. मला जरा फसवणूक झाल्यासारखं वाटलं. 'सरळ बस' हे सांगायला मशीन कशाला? पण मग आठवलं, हे मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. 'खाली बघून बस', 'पदर सावरून बस', 'आवरून बस' हे सगळं ऐकलं होतं.

पहिल्या दिवशी त्या डबीने मला रडकुंडीला आणलं. कापडाचं थान ओढायला वाकले, वाजली. कात्री उचलली, वाजली. गिऱ्हाईक काय म्हणतंय ते ऐकायला मान पुढे केली, तरी वाजली. कापड गादीवर पसरून लोखंडी मीटर आडवा टाकायचा, अंगठ्याने खूण धरायची आणि मीटर पुढे सरकवायचा, ही माझी मोजायची पद्धत. त्यात दर मीटरला मी पार जमिनीला नाक लावत होते, हे मला त्या दिवशी कळलं. दर मीटरला डबी बोंबलत होती. शेजारचा भांडेवाला डोकावून विचारून गेला, "वहिनी, गॅस लीक होऊन राह्यला का?"

आणि चौथ्या की पाचव्या दिवशी केळझरची मावशी आली.

मावशी सासऱ्यांच्या वेळची गिऱ्हाईक. नातीचं लग्न ठरलं होतं आणि गाद्यांच्या खोळींसाठी बारा मीटर कापड हवं होतं. मी मोजायला घेतलं. एक मीटर, अंगठा, आवाज. दोन मीटर, अंगठा, आवाज. तिसऱ्या मीटरला खडूची खूण केली तोच मावशीने कापडावर हात ठेवला.

"थांब वं सूनबाई. हे काय वाजून राह्यलं?"

"काही नाई मावशी, माही मशीन हाय."

"मशीन? मले नको शिकवू. नागपूरच्या मॉलमंधी मी पाह्यली हे मशीन. चोरी केली का दारातच बोंबलते ते." ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "तुह्या सासऱ्याच्या राज्यात असं कधी झालं नाई. मापात पाप करून राह्यली तू!"

मी पाठ दाखवायला लागले, डबी दाखवायला लागले, पण ऐकतंय कोण? अर्धवट मोजलेलं कापड गादीवर टाकून ती चपला घालून चालती झाली. तिच्यामागे गादीवरच्या आणखी दोघी उठल्या. बावीस वर्षांत मी कुणाला बोटभर कापड कमी दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोरगाव मेघेहून ऑटोने निघाले. तोंडाला दुपट्टा बांधलेला, त्यामुळे ओळखण्याचा प्रश्न नव्हता. शेजारची बाई तिच्या शेजारणीला सांगत होती, "त्या गादीवाल्या दुकानात सरकारनं मशीन बसवली म्हने. माप कमी भरलं का वाजते." मी दुपट्ट्याच्या आत दात आवळून बसले. संध्याकाळपर्यंत नागपूरहून फोन.

"वहिनी, ती डबी काढून फेका. बाबांचं नाव जाऊन राह्यलं बाजारात."

"नाव गेलं तं मी परत आणीन," मी म्हटलं. "पाठ गेली तं तुम्ही आणून देता का?"

दिरांना मी असं कधी बोलले नव्हते. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, डबी वाजली नव्हती. भांडताना मी ताठ बसले होते.

मग मी काय केलं ते सांगते. दुसऱ्या दिवशी ते खोळींच्या कापडाचं थान आणि लोखंडी मीटर घेतला, दुकानाला कुलूप घातलं आणि एसटीने केळझरला गेले. भर दुपारी खांद्यावर थान टाकून बाई गावातून चालली म्हटल्यावर पोरं मागे लागली. मावशीचं घर विचारत विचारत गाठलं. ओसरीवर लग्नघराच्या बाया तांदूळ निवडत बसल्या होत्या. मला बघून मावशीचं तोंड फिरलं.

मी थान तिच्या पुढ्यात ठेवलं आणि मीटर तिच्या हातात दिला. "मावशी, तुम्ही मोजा. परवा मी तीन मीटरवर खूण केली होती. कमी भरलं तं अख्खं थान तुमचं."

तिने मोजलं. तीन मीटर आणि वर दोन बोटं भरलं, कारण माझा अंगठा पहिल्यापासून गिऱ्हाइकाच्या बाजूने झुकलेला. पण मावशी मागे हटणारी नव्हती. "मंग वाजत कायले होतं?"

मी पदराआडून हात घालून डबी काढली आणि मावशीच्या पाठीवर, मानेखाली चार बोटं, चिकटवून टाकली. ती अजून मीटरवर ओणवलेलीच होती. डबी जी सुरू झाली!

"अवं माय! मी काय चोरलं?" मावशी ओरडली, आणि ओसरीवर असा हशा उसळला की निवडलेल्या तांदळात न निवडलेले मिसळले. मग काय, प्रत्येकीला डबी लावून बघायची होती. सुपावर वाकलेली सून वाजली. चुलीपुढची जाऊ वाजली. लग्नाची नात खाली मान घालून बसली होती, ती सगळ्यात जास्त वाजली. हसता हसता मला वाईट वाटायला लागलं. त्या ओसरीवर न वाजणारी एकही बाई नव्हती.

मावशीने बारा मीटर घेतलं. निघताना माझ्या हातावर साखर ठेवली आणि म्हणाली, "चुकलं वं माह्यं." मला तेवढं पुरे होतं. तिची जीभ बाजारात उलट दिशेनेही तितक्याच वेगाने चालली आणि आठ दिवसांत गिऱ्हाईक परत आलं.

पण पाठ काही म्हणावी तशी सुधरत नव्हती. मोजायला मी आता चौरंग घेतला होता, त्यामुळे वाकणं कमी झालं. तरी गिऱ्हाईक नसताना, नुसती बसलेली असतानाही डबी वाजायची. दिवाळी महिन्यावर आली होती. एका शनिवारी ती व्यायामवाली मुलगी अस्तर घ्यायला म्हणून दुकानात आली आणि मी कशी बसते ते न सांगता बघत राहिली.

"काकू, तुम्ही टेकता कशाला?"

"कशालाच नाही."

"मग हा लोड?"

"तो सासऱ्यांचा."

"ते कुठे असतात?"

"नागपूरला. सहा वर्षं झाली."

ती हसली असती तर बरं झालं असतं. ती नुसती लोडाकडे बघत राहिली. पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा. त्याचा अभ्रा मी त्याच सकाळी बदलला होता. दर शनिवारी बदलते. सहा वर्षं त्याला कुणाची पाठ लागली नव्हती आणि सहा वर्षं मी त्याचे अभ्रे धूत होते.

ती गेल्यावर मी तशीच बसून राहिले. दुकानातला माझा पहिला दिवस आठवला. सासूबाईंनी घरातून निघताना बजावलं होतं, "लोडाले पाठ लावू नको वं. मालकाचा हाय तो. पुढं सरून बसजो." मी पुढे सरले. गादीच्या काठावर, पाठीमागे काही नाही, कुणी आलं की पटकन उठता येईल अशी. सासूबाई गेल्या, सासरे नागपूरला गेले, मालकी कामाने माझी झाली, पण मी काही मागे सरले नाही. मला कुणी अडवलं नव्हतं. अडवायला तिथे कुणी नव्हतंच. रिकाम्या लोडापुढे मी अदबीने वाकून बसत होते. गाढवपणा म्हणतात तो हाच.

रस्त्यावर कुणी बघत नाही हे बघून मी मागे सरकले. आधी खांदे टेकले, मग कंबर. चोरी करतेय असंच वाटत होतं. लोड गार होता आणि आतला कापूस दगडासारखा घट्ट. मी बसून राहिले. डबी वाजली नाही. समोरून ऑटो गेले, भांडेवाल्याने शटर वर ओढलं, एक बाई भाव विचारून गेली, तरी डबी वाजली नाही. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण मला राग आला. इतकं सोपं होतं हे, आणि माझ्यापासून दोन हातांवर होतं.

त्या आठवड्यात मी कापूस पिंजून आणला आणि दुकानातल्याच पांढऱ्या कापडाचा दुसरा लोड शिवला.

दिवाळीला चार दिवस उरले असताना, दुकान भरलेलं असताना, दिरांची गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली. आधी दीर उतरले, मग मोबाईलच्या कव्हरांचा माणूस, मग काठी टेकत सासरे. सहा वर्षांनी. दुकानातल्या बाया बाजूला सरल्या. त्यांत केळझरची मावशी होती, लग्नाच्या पंच्यांसाठी आलेली.

मी लोडाला टेकलेली होते. सासऱ्यांचं पाऊल उंबऱ्यात पडलं आणि माझं अंग आपोआप हललं. बावीस वर्षांची सवय. मी सरसर पुढे सरले, मान खाली गेली, हात पदराकडे गेला. आणि डबी वाजली. भरल्या दुकानात, सासऱ्यांच्या तोंडावर, चिडक्या आवाजात.

मी थांबले. पदर होता तिथे राहू दिला आणि होते तशी मागे सरकले. लोडाला पाठ लावली. डबी गप्प झाली.

"वहिनी, उठा ना," दीर दबक्या आवाजात म्हणाले. "बाबा आले."

"बाबांसाठी लोड ठेवला आहे," मी म्हटलं आणि शेजारच्या नव्या लोडाकडे हात केला. मी हलले नाही.

सासरे उभे होते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आपल्या जुन्या लोडाकडे. मग मावशीच्या हाताचा आधार घेत हळूहळू गादीवर आले आणि नव्या लोडाशी बसले. माझ्या शेजारी, एका रांगेत. दम खाऊन त्यांनी विचारलं, "ते काय वाजलं?" या वेळी ते कपाटाला विचारत नव्हते. माझ्याकडे बघून विचारत होते.

"मी वाकले की वाजते. पाठीसाठी आहे. टेकून बसले की वाजत नाही."

"मंग टेकून बसाचं. तुले टेकू नको म्हनून कोन म्हटलं होतं?"

माझ्या डोक्यात वीज चमकली. ते खोटं बोलत नव्हते, तेच तर वाईट होतं. त्यांना खरोखर माहीत नव्हतं. सोळा वर्षं त्यांच्यापासून हातभर अंतरावर एक बाई काठावर बसून मोडत होती आणि त्यांना ती कधी दिसलीच नव्हती. गिळून टाकावं असं क्षणभर वाटलं. आजवर तेच केलं होतं.

"तुम्ही नाही म्हणालात," मी म्हटलं. "पण टेक, असंही कधी म्हणाला नाहीत."

मोबाईलवाला छताकडे, भिंतींकडे बघत होता, शेल्फ कुठे लावायचे ते ठरवत असावा. दिरांनी घसा खाकरला. "बाबा, हे म्हनतात का दिवाळीनंतर लगेच चाबी..."

सासऱ्यांनी नव्या लोडावर कोपर दाबलं. एकदा इकडून, एकदा तिकडून. आयुष्यभर कापडाचा धंदा केलेला माणूस, हातानेच बघतो.

"कापूस कमी भरला ह्यात," ते मला म्हणाले. "दिवाळी झाली का आनखी भरून घेजो. मी येऊन पाहीन."

"बाबा, दिवाळीनंतर तं..." दीर म्हणाले. सासऱ्यांनी डोळे मिटून डोकं लोडाला टेकवलं होतं.

मी चौरंग पुढे ओढला आणि मीटर हातात घेतला. "बोला मावशी," मी म्हटलं, "किती पंचे काढू?"